अभ्यासाच्या ताणामुळे मुलाला कशातच मजा येईनाशी होते का?

तुमचा मुलगा बारावीत आहे, नीटची तयारी चालू आहे. दोन महिन्यांपासून क्रिकेट बंद, मित्रांचे फोन उचलत नाही, आवडीचं जेवण समोर आलं तरी ‘ठीक आहे’ म्हणतो. मोबाईल मात्र सुटत नाही. हा आळस की ताण, असं तुम्ही विचारलंय.

ताणाने असं नक्की होऊ शकतं. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि मिळाल्यावर ती आवडणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात, म्हणजे त्या गोष्टीसाठी उठून धडपड करण्यात, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा मोठा असतो. थोड्या दिवसांचा ताण उलट हुरूप देतो. पण तो महिनोन्‌महिने चालला आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटू लागलं, की ही यंत्रणा मंदावते. मानसशास्त्रज्ञ पॉल विलनर यांच्या गटाने १९८७ साली अशा ताणाने गोडी कशी कमी होते ते उंदरांवर दाखवलं: ओला भुसा, तिरका पिंजरा, रात्रभर दिवे असे किरकोळ पण बेभरवशाचे त्रास काही आठवडे दिल्यावर उंदीर साखरेचं पाणी कमी पिऊ लागले. रोजची टेस्ट आणि रोज बदलणारी रँक हा जवळपास त्याच जातीचा त्रास आहे. शिवाय वयात येण्याआधीच्या उंदरांत ताणाचं संप्रेरक प्रौढांपेक्षा जास्त वेळ चढलेलं राहतं, असंही दिसलं आहे.

मोबाईलचं कोडंही इथेच सुटतं. रील बघायला अंगठा हलवला की पुरे. क्रिकेटला कपडे बदला, मैदानावर जा, लोकांशी बोला. धडपडीची ताकद आटलेला मुलगा सगळ्यात स्वस्त गोष्ट निवडतो. तिथे तो मजेत असतो असं समजू नका. म्हणून फोन हिसकावून विशेष काही साधत नाही, उलट शेवटचा विरंगुळाही जातो.

‘तुला काय करावंसं वाटतंय?’ हा प्रश्न आधी बंद करा. वाटणंच बिघडलंय, उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. त्याऐवजी त्याच्यासोबत बसून पूर्वी आवडणाऱ्या आठ-दहा गोष्टी लिहा आणि त्यातली सगळ्यात सोपी रोज ठरलेल्या वेळी १५-२० मिनिटं करायची ठरवा. पूर्ण मॅच नको, गच्चीवर बॅट-बॉल पुरे. करण्याआधी ‘किती मजा येईल’ याला ० ते १० पैकी आकडा द्यायला सांगा, झाल्यावर पुन्हा. आधी २ आणि नंतर ४ असं बऱ्याचदा निघतं. हा फरक त्याने स्वतःच्या अक्षरात पाहणं हेच अर्धं औषध. दोन आठवडे तरी चालवा. पहिल्या तीन-चार दिवसांत आकडे हलत नाहीत आणि बहुतेक घरं तिथेच सोडून देतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे ‘टेस्टमध्ये इतके मार्क आण, मग खेळायला जा’. त्याने खेळसुद्धा परीक्षेच्या खात्यात जातो. वेळ बिनशर्त हवा, आणि त्या वेळात अभ्यासाचा विषय नको.

झोप १३ ते १८ वयात ८ ते १० तास लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे रात्री एकपर्यंत अभ्यास आणि सकाळी सहाचा क्लास हे गणित जमतच नाही. एक बाजू कापा. माझ्या मते रात्रीची.

हे सगळं घरी करून पाहायला हरकत नाही, पण तुमच्याकडे दोन महिने झालेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस अशी अवस्था राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, म्हणजे तुम्ही आताच दाखवा. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यायचं का, तेही विचारा. तिथल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. मरणाचा विषय, स्वतःला इजा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या तर परिणामाला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना यावर लक्ष ठेवा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.