कोड्यांआधी कान तपासा

भाऊ, निवृत्त होऊन तुम्हाला महिनाच झालाय, म्हणून आधीच सांगतो: स्मरणशक्ती टिकवायला शब्दकोड्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. मी ठेवली होती. कोड्यांत तरबेज झालो, पण जत्रेत भेटलेल्या माणसांशी बोलणं जमेना. दोष कानांचा होता. अर्धंच ऐकू यायचं, मग मी माणसंच टाळू लागलो. श्रवणयंत्र लावायला दोन वर्षं लाजलो! लॅन्सेट आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले. त्यांत ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणाही आहे.

सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर चाला, पण सोबत कुणीतरी हवं. आणि गणेश चवथीआधी आमच्या वाड्यावर घुमट आरतीच्या सरावाला या. घुमट म्हणजे मातीच्या घड्याला कातडं ताणून केलेलं आपलं गोव्याचं वाद्य. नुसतं ऐकायला नव्हे, घुमट हातात घ्या. उजव्या हाताने कातड्यावर थाप, डाव्याने मागच्या तोंडाची उघडझाप, वर तोंडाने आरती. पहिले पंधरा दिवस सगळं चुकेल, पोरं हसतील. मी साठीनंतर शिकलो, अजून शामेळवाला (साथीचं तालवाद्य वाजवणारा) माझ्याकडे डोळे वटारून बघतो.

विसराळूपणा एकदम वाढला तर मात्र वयावर ढकलू नका. डॉक्टरांना विचारून बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्या.