मॅगमीटर बदलण्याआधी पाइप बघा

तुमचा प्रश्न असा: पाण्याच्या पीव्हीसी लाइनवर नवा ८० एमएमचा मॅगमीटर (चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या वीजवाहक द्रवात तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून प्रवाह मोजणारा मीटर), रीडिंग तासाला १५ ते २५ घनमीटर असं उड्या मारतंय, पंप बंद केला तरी शून्यावर येत नाही, म्हणून आता कोरिऑलिस (थरथरणाऱ्या नळीवरून प्रवाह मोजणारा महागडा मीटर) घ्यायचा विचार. एवढ्यावरून मीटरला दोष देता येत नाही. तुम्हीच लिहिलंय की मीटर टाकीत पडणाऱ्या उभ्या पाइपवर आहे आणि पाणी वरून खाली येतं. गोम तिथेच आहे.

मॅगमीटर मोजतो फक्त वेग. त्याला पाइपच्या पूर्ण क्षेत्रफळाने गुणून आकडा दाखवतो. पाणी खाली कोसळताना पाइप अर्धवट भरतो, सोबत हवाही ओढली जाते. मीटरच्या हिशेबी मात्र सगळं पाणीच. पंप थांबला की पाइप रिकामा, इलेक्ट्रोड (ते व्होल्टेज टिपणारी टोकं) कोरडे, आणि मग इकडचातिकडचा नॉइज फ्लो म्हणून दिसतो. लो-फ्लो कट-ऑफ (ठरावीक आकड्याखालचा फ्लो शून्य दाखवणारी सेटिंग) वाढवून तो लपवता येतो, पण ते झाकपाक झाली.

मीटर पंपाकडून वर चढणाऱ्या पाइपवर हलवा. आडव्या पाइपवरच बसवायचा असेल तर पाणी नेहमी तुंबून राहील असा खालचा भाग निवडा आणि इलेक्ट्रोड घड्याळातल्या ३ आणि ९ वर ठेवा. वर हवा साठते, खाली गाळ. मीटरच्या आधी निदान १० व्यासांएवढा सरळ पाइप सोडा. पाइप पीव्हीसीचा आहे, म्हणजे अर्थिंग रिंग (पाण्याला अर्थशी जोडणारं धातूचं कडं) हवीच, आणि बहुतेक वेळा पैसे वाचवायला हीच वगळलेली असते. फ्लँज उघडाल तेव्हा गॅस्केटही बघा. मी एकदा अशाच रीडिंगपायी दोन दिवस ट्रान्समीटरची सेटिंग्ज उलटीपालटी केली. शेवटी सरकलेलं गॅस्केट पाइपच्या तोंडात आलेलं निघालं.

तोवर एक फुकटची चाचणी. टाकीत पडणारं पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये वळवा, स्टॉपवॉच लावा. ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर. तुमच्या पाइपमध्ये हा वेग साधारण १ मीटर प्रतिसेकंद पडतो. मीटरला तो आरामात झेपतो. तीनदा करा.

कोरिऑलिस थेट वस्तुमान मोजतो, छान मोजतो, पण हवामिश्रित पाण्यात तोही गडबडतो. डीएम (क्षार काढलेलं) पाणी किंवा तेल असतं तर गोष्ट वेगळी, कारण त्यांतून वीज जवळपास वाहत नाही आणि मॅगमीटर आंधळा होतो. साध्या पाण्याला एवढा खर्च कशाला?

हवेच्या लाइनवर हाच मॅगमीटर चालेल का, असंही विचारलंय. नाही, हवा वीजवाहक नाही. तिथला रोटामीटर (उभ्या नळीतल्या फ्लोटच्या उंचीवरून प्रवाह दाखवणारा मीटर) राहू द्या, फक्त त्याची पट्टी कोणत्या दाबासाठी आखलीय ते बघा. वातावरणाच्या दाबासाठी आखलेली असेल आणि तुम्ही गेजवर ३ बारला चालवत असाल, तर वातावरणाचा १ बार धरून निरपेक्ष दाब ४ बार, म्हणजे चौपट. पट्टीच्या आकड्याला या पटीच्या वर्गमुळाने गुणायचं, आणि ४ चं वर्गमूळ २. पट्टीवर १०० नॉर्मल लिटर (ठरावीक प्रमाण दाब-तापमानाला धरलेले लिटर) दिसत असतील तर प्रत्यक्षात जवळपास २०० जातायत. गेजचा आकडा तसाच सूत्रात घालू नका, इथे भलेभले चुकतात.

ड्रमचे तीन आकडे आणि त्या वेळचं मीटरचं रीडिंग इथे टाका, मग पुढचं बघू.