वाचकांचे प्रश्न : गूगलची मुलाखत नेमकी कशी होते?

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण सांगली जिल्ह्यातील एका गावी मराठी माध्यमातून झाले. अभियांत्रिकीनंतर गेली तीन वर्षे मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आहे. नुकताच गूगलच्या रिक्रूटरचा फोन आला आणि महिन्याभराने पहिली तांत्रिक मुलाखत ठरली. तिथे अवघड कोडी घालतात, असे ऐकले आहे. माझ्या इंग्रजीचीही मला धास्ती वाटते. शिवाय एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘आतून काम करून देतो’ असे सांगून पैसे मागितले आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पैशांचे आधी सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखे काहीच नाही. एक रुपयाही देऊ नका. गूगल भरतीसाठी उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही. तिथे नोकरी करणारी व्यक्ती फार तर तुमच्या नावाची शिफारस करू शकते, आणि तेवढ्याने अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते. निवड मात्र कोणा एकाच्या हाती नसते.

निवड होते ती अशी. सुरुवातीला ऑनलाइन तांत्रिक मुलाखत असते. ती चांगली झाली, तर पुढे साधारण चार मुलाखती होतात आणि प्रत्येक सुमारे 45 मिनिटांची असते. चार हा आकडाही अनुभवातून आला आहे : चार मुलाखतींत सुमारे 86 टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि त्यापुढील मुलाखतींनी फारशी भर पडत नाही, असे कंपनीला स्वतःच्या नोंदी तपासल्यावर आढळले. मुलाखत घेणारा प्रत्येक जण आपले टिपण लिहून देतो, आणि तुम्हाला कधीही न भेटलेली एक समिती ती टिपणे वाचून मत बनवते. तयारीची सगळी दिशा मला यातूनच ठरवावीशी वाटते, कारण तुम्ही मनात कितीही सुंदर विचार केला, तरी तो बोलून दाखवला नाही तर टिपणात उतरत नाही आणि समितीपर्यंत पोहोचत नाही.

एक उदाहरण घ्या. दहा हजार संख्यांच्या यादीतून, ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होईल अशी जोडी शोधायची आहे. आपल्या शाळांनी लावलेल्या सवयीप्रमाणे आपण मान खाली घालून गुपचूप लिहू लागतो. तसे न करता आधी विचारा : संख्या ऋण असू शकतात का, एकच संख्या दोनदा येऊ शकते का, यादी क्रमाने लावलेली आहे का? मग साधा मार्ग सांगा, की प्रत्येक जोडी तपासता येईल, पण अशा जोड्या जवळजवळ पाच कोटी होतील. त्यानंतर सुधारणा सांगा : पाहिलेल्या संख्या हॅश टेबलमध्ये, म्हणजे हवी ती नोंद लगेच शोधून देणाऱ्या रचनेत, ठेवत गेल्यास यादीवरून एकदाच फिरून काम भागते, मात्र त्यासाठी जास्तीची मेमरी लागते. कोड लिहून झाल्यावर रिकामी यादी दिली तर काय होईल, हे स्वतःहून तपासून दाखवा. कोड बहुधा साध्या ऑनलाइन दस्तऐवजात लिहावा लागतो, जिथे चुका दाखवणारी सोय नसते. म्हणून सराव तसाच, आणि शक्यतो एखाद्या मैत्रिणीला समोर बसवून करा.

कोड्यांची भीती सोडून द्या. बसमध्ये किती चेंडू मावतील, अशा प्रश्नांतून काहीही कळत नाही, असे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्येच जाहीरपणे सांगितले होते.

इंग्रजीबाबत एवढेच, की व्याकरणाची परीक्षा तिथे नसते. वाक्ये छोटी ठेवा आणि प्रश्न कळला नाही तर निःसंकोच पुन्हा विचारा. त्याहून मोठी अडचण मला दुसरीच दिसते. सहकाऱ्यांबरोबर काम कसे केले, मतभेद कसे मिटवले, असे प्रश्न एका मुलाखतीत असतात, आणि तिथे आपल्याकडची मुले-मुली सतत ‘आम्ही केले’ असे म्हणत राहतात. ‘मी, मी’ करू नये, हा संस्कार चांगलाच आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. अडचण काय होती, तुमच्यावर कोणती जबाबदारी होती, तुम्ही स्वतः काय केले आणि परिणाम काय झाला, या क्रमाने तीन-चार खरे प्रसंग आताच लिहून काढा.

या साऱ्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. मुलाखती चांगल्या झाल्यावरही योग्य टीम मिळेपर्यंत थांबावे लागू शकते. तुमच्या सध्याच्या कंपनीचा नोटीस कालावधी किती आहे, हे रिक्रूटरला आताच सांगून ठेवा, आणि लेखी नेमणूकपत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका.