'स्नायुस्मृती' नको, 'अंगवळण' घ्या

प्रश्न असा: 'मसल मेमरी'ला, म्हणजे सरावाने हालचाल आपोआप जमू लागते त्याला, मराठीत 'स्नायुस्मृती' म्हणावे का? आणि 'अंगवळणी पडणे' यातले 'अंगवळण' सुटे वापरता येते का?

'स्नायुस्मृती' अजिबात नको. क्रिकेटच्या चर्चेत, व्यायामाच्या व्हिडिओंत हा शब्द सारखा कानावर येतो आणि तो दोनदा चुकतो. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९००. मांसल त्या पेशी, म्हणजे आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो त्या. स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारे दोर. रूढीने हा अर्थ बदलला, ते सोडून देऊ. पण आठवण मांसात नसतेच. लहान मेंदूला, म्हणजे हालचालींचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाला, इजा झालेल्या माणसाचे दंड मजबूत असले तरी हाताला नवी हालचाल जुळवून घेणे फार जड जाते.

रस्त्याचे वळण, मुलांना लावायचे वळण सर्वांना ठाऊक आहे. मूळ संस्कृत 'वल्', म्हणजे वळणे, वेढणे, 'वलय' त्यातलेच. मराठीने या धातूला हातात घेतले: आपण लाडू वळतो, शेवया वळतो, दोर वळतो. हात फिरतो आणि त्यातूनच आकार येतो. अक्षराला वळण असते ते याच अर्थाने, आणि माझे ठाम मत आहे की अंगवळणातले वळणही हेच. 'वळण म्हणजे सवय' एवढे लिहून थांबणारे कोशकार इथे कमी पडतात. सवय हा मागाहून आलेला अर्थ, आधी आकार.

आता हा आकार राहतो कुठे, अंगात (सांध्यांच्या हिशेबात) की जागेत (बाहेरच्या दिशांच्या हिशेबात)? शॅडमेहर आणि मूसा-इवाल्दी या संशोधकांनी १९९४ साली यंत्राची मूठ हातात देऊन माणसांना १० सेंटिमीटरवरच्या खुणांकडे हात न्यायला लावले. वेग वाढेल तसे यंत्र हाताला ढकलत होते. आधी रेघ वाकडी जाई, सरावाने सरळ झाली. मग अचानक जोर काढून घेतला, तर हात उलट्या बाजूला वळला! वळण अंगात मुरल्याचा याहून चांगला पुरावा नाही. हात दुसऱ्या जागी नेल्यावर हे शिक्षण खांदा-कोपराच्या कोनांच्या हिशेबाने सोबत आले, ही सांध्यांची चौकट. दुसऱ्या एका प्रयोगात हाताची जागा दाखवणारा पडद्यावरचा ठिपका ३० अंशांनी फिरवून शिकवले, तेव्हा मात्र ते बाहेरच्या जागेच्या दिशांना धरून राहिले, ही जागेची चौकट. शिवाय एकच दिशा शिकवली तर फायदा शेजारच्या दिशांपुरताच. २०१२ च्या एका अभ्यासात दोन्ही चौकटी एकमेकींत गुंफलेल्या दिसल्या. तेव्हा 'सगळे सांध्यांतच असते' म्हणणारेही अर्धेच बरोबर.

फळ्यावर करून पाहा. वहीत बोटे-मनगट लिहितात, फळ्यावर खांदा-कोपर. तरी अक्षराचे वळण ओळखू येते. ही जागेची चौकट. आता दोन्ही हातांत खडू घ्या, मधून बाहेरच्या बाजूला एकदम 'क' लिहा, नजर उजव्या हातावर ठेवा. डावा हात आरशातला 'क' काढू लागेल, कारण तो सांध्यांच्या चौकटीत उजव्याची नक्कल करतो. हळू लिहिले किंवा डाव्या हाताकडे पाहिले तर प्रयोग फसतो.

सुटे 'अंगवळण'? खुशाल वापरा. 'अंगवळणी'तला 'ई' हा 'कानी', 'हाती' यांतलाच सप्तमीचा प्रत्यय, म्हणजे नाम आत आहेच. फक्त 'महागाई अंगवळणी पडली' लिहू नका. महागाईत अंगाला वळवायचे काही नसते.