उधारीच्या वहीतला मॉनिटर

वही दुकानात हिशेबाला वापरतात तसली होती, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. मुलाच्या आईने ती पर्समधून दोन बोटांत धरून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत पेन्सिलीने आखलेले रकाने. डावीकडे वर्गातल्या मुलांची नावं, उजवीकडे जमा. 'सई, १ खोडरबर, नाव पुसले.' 'ओम, २ स्टिकर, नाव पुसले.' 'आर्या, १ स्केचपेन, येणे.' अशी तीन पानं भरलेली. तिसऱ्या पानाच्या तळाशी बेरीज मारली होती, आणि ती बरोबर होती.

हिशेबनीसाचं वय साडेआठ, इयत्ता तिसरी. त्याला मी इथे पार्थ म्हणते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पार्थ वर्गाचा मॉनिटर होता. बाई बाहेर गेल्या की फळ्यापाशी उभं राहायचं, बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलंय, काहींनी केलंय. (मी केलंय. मैत्रिणींची नावं मी कधीच लिहिली नाहीत.) पार्थने त्यात फक्त दरपत्रक आणलं. देणं चुकवणाऱ्याला पट्टी. एका मुलीच्या हातावर वळ उठला, तिची आई शाळेत आली, दप्तर तपासलं गेलं आणि वही सापडली.

"घरी हा स्वतःचा डबा बेसिनमध्ये टाकत नाही," आई सांगत होती. "आंघोळीला चार हाका. दप्तर आजी भरते. आणि शाळेत ही दादागिरी. मॅडम, आमचं कुठे चुकलं?"

वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुकलंय ते मान्य. पण पोरगं धडाडीचं आहे. लीडरशिप आहे त्याच्यात. ती मरू नये एवढं बघा."

माझ्याकडे प्राथमिक शाळेतल्या मुलांचे जे आईबाप सल्ल्याला येतात, त्यातल्या पुष्कळांची काळजी या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी असते. मुलाला चांगल्या सवयी लागत नाहीत आणि तो पुढे यायला हवा. एखादं शिबिर सुचवा, व्यक्तिमत्त्व विकासाचा एखादा क्लास सांगा. पार्थच्या घरी तर गुण आधीच हजर होता, फक्त जरा वाकड्या वाटेने आलेला.

मी आईबाबांना बाहेर बसवलं आणि पार्थशी बोलले. रडवेला वगैरे अजिबात नव्हता. वही कशी चालते ते त्याने मला नीट समजावून सांगितलं. 'येणे' म्हणजे काय हेही.

"नाव पुसायचे पैसे... म्हणजे वस्तू घ्यायच्या, हे कुणी ठरवलं?"

"मीच."

"का रे?"

उशिरा समजणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग फुकट कसं पुसणार?"

हा 'फुकट' मला अडला. म्हटलं, तुमच्या घरी फुकट काय काय असतं? तो विचारात पडला आणि मग फुकट नसलेल्या गोष्टींची यादीच त्याने दिली. सकाळी दात घासले, एक तारा. रात्री घासले, दोन तारे. अंथरुणाची घडी एक, न रडता अभ्यास तीन. वीस तारे झाले की पन्नास रुपये किंवा एक तास मोबाइल. फ्रिजवर तक्ता लावलाय.

आईला आत बोलावून तक्त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "शाळेत पालकांसाठी कार्यशाळा झाली होती ना, गेल्या वर्षी. तेव्हा मिळाला होता. तुमचीच होती, मॅडम."

हो, माझीच होती. झेरॉक्सच्या शंभरेक प्रती मीच वाटल्या होत्या. कुठली सवय, किती तारे, सगळं छान आखून. तक्ता कधी बंद करायचा, ते मात्र त्यावर कुठेच नव्हतं. बक्षीस पैशात देऊ नका असंही मी सांगितलं नव्हतं; ते कुणालाही कळेल असं धरून चालले होते.

आमच्या अभ्यासक्रमात एक प्रयोग शिकवतात आणि मी तो पाठ केलेला होता, हे जास्त लागलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी वर्गात स्केचपेनं नुसतीच ठेवून दिली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड टिकून होती. म्हणजे खोट बक्षिसात नव्हती, बोलीत होती. दात घासणं ही काही कुणाची मुळातली आवड नसते, त्यामुळे सुरुवातीला ढकलायला थोडे दिवस तारे चालतात, हे मी आजही म्हणेन. पण पार्थच्या घरी बोली वर्षभर चालली होती, आणि बाप दुकानदार. पोरगं व्यवहार शिकलं आणि तोच घेऊन शाळेत गेलं. मग दादागिरी शिकवली कुणी?

ती शाळेने शिकवली, असं मी बाईंना स्पष्ट म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय. त्यांच्या वर्गात त्रेचाळीस. ऑफिसमधून रोज कुठलीतरी माहिती भरायला बोलावणं. "खोडकर होता म्हणूनच मॉनिटर केला," बाई म्हणाल्या. "जबाबदारी दिली की शांत होतात." हे शिक्षकांच्या खोलीतलं जुनं औषध आहे. पण याला जबाबदारी म्हणायचं? पार्थच्या हातात काम काहीच नव्हतं, नुसता अधिकार होता, तोही इतरांना पकडून देण्याचा. त्याच २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार शिक्षकाने मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं यावर बंदी आहे. शिक्षकाला जे करता येत नाही, ते आपण फूटपट्टी आणि खडूसकट आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवतो.

बाईंना मी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं काम सांगितलं. अमेरिकेतल्या आयोवामध्ये त्यांनी दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले, मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली, आणि १९३९ मध्ये त्यावर लिहिलं. काही गटांचा मोठा माणूस हुकूम सोडायचा, काहींचा मुलांना विचारून ठरवायचा. हुकमाच्या गटात तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं आणि मुलं आपल्यातल्याच एखाद्याला धारेवर धरायची. विचारून चालणाऱ्या गटात तो असो-नसो, मुखवटे पुढे सरकत राहायचे. बाईंनी ऐकून घेतलं. "त्यांना ऑफिसमधून बोलावणं येत नव्हतं," एवढंच म्हणाल्या. तरी दुसऱ्या सोमवारी त्यांनी मॉनिटर हे पदच काढून टाकलं.

त्याऐवजी खाती आली. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत मुलांचं मंत्रिमंडळ असतं, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री वगैरे, त्यातलंच थोडं उचललं. फक्त 'मंत्री' शब्द टाळला, नाहीतर पालक हारतुरे घेऊन येतात. दिवे-पंखे, फळा, वाचनपेटी, बुटांची रांग, साबण. पंधरा दिवसांनी खातं बदलायचं. नियम एकच: वहीत वस्तूंबद्दल लिहायचं, माणसांची नावं लिहायची नाहीत.

पार्थच्या चिठ्ठीत साबण आला. तो घरी जाऊन रडला. मॉनिटरचा साबणवाला झाला, असं आजी म्हणाली म्हणे.

पहिले चार दिवस तो नळापाशी उभा राहून ओरडत होता. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की पोरं हात न धुता पळतात, कारण साबणच नसतो. वडी ओल्या कट्ट्यावरून घसरून गटारात जाते. मग त्याने काय करावं? घरातून लसणाची रिकामी जाळी आणली, दुकानातून सुतळीचा तुकडा, आणि साबण जाळीत घालून नळाला टांगला. पहिलीतल्या पोरांचा हात पोचेना, तेव्हा सुतळी लांब केली. वीस सेकंद हात चोळायचे असतात हे कुणीतरी सांगितलं, तर त्याने मोजायला दोनचा पाढा लावला; तो पटकन संपतो म्हणून नंतर सातचा. लाल वही पुन्हा सुरू झाली होती. बाईंनी मला फोनवर फोटो पाठवला: 'नळ ३, गळतो.' 'साबण, निम्मा.' 'नळ १, पोरं जास्त, रांग दोन करावी.'

हा फोटो मी वडिलांना दाखवला. तुम्हाला जी लीडरशिप मरू द्यायची नव्हती, ती इथे आहे, म्हटलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "गळका नळ कुठल्या कंपनीचा आहे?" रविवारी जाऊन बदलून आले.

घरचं काम याहून चिवट निघालं. तारे बंद करायचं ठरलं त्या रात्री दहाला आईचा फोन. "तो म्हणतोय, मग दात कशाला घासू?" दोन रात्री घासले नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, पण तुम्ही तिघं त्याच्यासोबत बेसिनपाशी उभे राहा. तेव्हा निघालं की वडील रात्री दात घासतच नाहीत. पार्थने ते कधीच हेरलं होतं. तिसऱ्या रात्री बाप ब्रश घेऊन आला, तेव्हा त्याने आईला विचारलं, "बाबांना किती तारे?" बापाने तोंडात फेस असतानाच मान हलवली, शून्य. तिथून गाडी सुरू झाली. रोज चालली असं नाही.

दप्तराला आम्ही आजीची मालिका बांधली. नवी सवय घड्याळाला बांधली की मुलं विसरतात; घरात रोज आपोआप घडणाऱ्या गोष्टीला बांधली की टिकण्याची शक्यता जास्त. शीर्षकगीत वाजलं की पार्थने वेळापत्रक बघून दप्तर भरायचं, आजीने हात लावायचा नाही. पथ्य आजीला होतं. "मी हाय तवर पोराला कशाला वझं?" असं म्हणून ती दोनदा चोरून पुस्तक कोंबताना पकडली गेली. पार्थनेच पकडलं. एके दिवशी मराठीचं पुस्तक घरी राहिलं आणि आई मधल्या सुट्टीत नेऊन द्यायला निघाली होती. मी थांबवलं. बोलणी खाल्ली असतील, शेजाऱ्याच्या पुस्तकात बघावं लागलं असेल. त्यानंतर काही दिवस मराठीचं पुस्तक सगळ्यात आधी दप्तरात जात होतं.

"मॅडम, एकवीस दिवसांत सवय लागते ना?" हे आईने बाविसाव्या दिवशी विचारलं. नाही लागत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि पसारा १८ ते २५४ दिवसांचा. मोठ्यांचं हे, तर लहानांकडून तीन आठवड्यांची हमी कशाला मागायची? त्याच अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नव्हतं. पार्थच्या आईला हे तीनदा सांगावं लागलं, कारण एक दिवस चुकला की ती पुन्हा शून्यापासून मोजायची.

राहिला त्या वहीतल्या मालाचा प्रश्न. त्याने परिपाठात सगळ्यांसमोर माफी मागावी असं शाळेचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. त्रेचाळीस जणांसमोर उभं केलं की मूल लाज गिळायला शिकतं, परतफेड करायला नाही. जिला पट्टी मारली तिच्या घरी तो वडिलांबरोबर गेला आणि तिच्याशी बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही. बाकीचं त्याने स्वतः वहीवरून परत केलं: अकरा खोडरबर, स्टिकर, तीन पेन्सिली, त्यातली एक वापरून छोटी झालेली म्हणून बदली नवी. प्रत्येक ओळीवर काट मारलेली. आर्याच्या स्केचपेनपाशी तो अडला होता. ते त्याला मिळालंच नव्हतं, मग परत काय करणार? शेवटी त्याने 'येणे' खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'सोडले.'

दिवाळीनंतर ते पुन्हा आले तेव्हा आंघोळीला अजून तीन हाका लागत होत्या. डबा बेसिनपर्यंत पोचत होता. पंख्याचं खातं मिळालेली मुलगी पंखे चालू ठेवून जाते, ही पार्थची तक्रार होती आणि त्यावर काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं.

मी कार्यशाळेच्या कागदांतून तो ताऱ्यांचा तक्ता काढून टाकला. जुन्या प्रती मात्र माझ्या हातात नाहीत. परवा एका पालक ग्रुपवरून तोच फिरत मला आला, खाली माझं नाव तसंच, आणि वर कुणीतरी लिहिलेलं: 'नक्की करून बघा, शंभर टक्के फरक पडतो.'