प्रकल्प संपला, म्हणून नोकरीही संपते का?

प्रश्न : पुलांची कामे घेणाऱ्या कंपनीत मी सहा वर्षे सर्व्हेचे काम करतो. तीन साइट झाल्या. दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो आणि मध्ये दोन-तीन दिवसांचा खंड दाखवतात. आता ‘प्रकल्प पूर्ण झाल्याने सेवा समाप्त’ असे पत्र आले आहे. मी कायम कामगार ठरतो का?

पत्रातल्या ‘प्रकल्प’ या शब्दाने काहीच ठरत नाही. करार संपल्यामुळे नोकरी संपली, तर ती ‘कामगार कपात’ (म्हणजे नोटीस आणि भरपाई देऊनच करता येणारी) मानायची नाही, अशी तरतूद १९८४ मध्ये औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २(ओओ)(बीबी) मध्ये आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. मालक तिचाच आधार घेतात. पण ती केव्हा लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एस. एम. निलाजकर खटल्यात स्पष्ट केले. दूरसंचार खात्यासाठी खड्डे खणणे, खांब उभारणे, तारा ओढणे अशी कामे करणाऱ्या मजुरांचा तो खटला होता. मालकाने चार गोष्टी सिद्ध करायच्या असतात : नेमणूक खरोखर तात्पुरत्या प्रकल्पासाठी किंवा योजनेसाठी होती, प्रकल्प संपताच नोकरी संपेल, असे करारात होते, प्रकल्प आणि नोकरी एकाच वेळी, कराराप्रमाणे संपली, आणि ही अट कामगाराला रुजू होतानाच सांगितली होती. यातली एक जरी कडी निसटली, तरी ती कपात ठरते.

तुमच्या बाबतीत पहिली आणि तिसरी कडी कच्ची दिसते. करार अकरा महिन्यांचा, पूल मात्र त्याहून जास्त काळ चालणारा. म्हणजे कराराची मुदत प्रकल्पावरून ठरलेलीच नाही. शिवाय एका साइटवरून दुसरीवर तुम्हाला कंपनीनेच हलवले. सहा वर्षे चालणारे काम हे कंपनीच्या धंद्याचेच काम झाले. दोन-तीन दिवसांच्या खंडाची फार धास्ती घेऊ नका. कामगाराच्या चुकीशिवाय काम थांबले, तर सलग सेवा तुटत नाही.

आता मिळते काय? कपात ठरली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार; सहा वर्षांचे ९० दिवस. हे न देता काढले असेल, तर कपातच बेकायदेशीर ठरते आणि पुन्हा कामावर घेण्याची मागणी करता येते. न्यायालये अलीकडे बऱ्याचदा पुनर्नियुक्तीऐवजी एकरकमी भरपाई देतात, हे लक्षात ठेवून दाव्यात दोन्ही मागण्या लिहा. ग्रॅच्युइटी याहून वेगळी : शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार २०,८०० रुपये असेल, तर वर्षाला १२,००० म्हणजे सहा वर्षांचे ७२,००० रुपये. ती ३० दिवसांत मिळायला हवी.

‘कायम’ ठरण्याचा दावा मात्र वेगळा मांडावा लागतो. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यातही ती चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. त्यात मालकाचा हेतू दाखवावा लागतो, आणि वारंवार घेतलेले अकरा-अकरा महिन्यांचे करार हाच हेतूचा पुरावा म्हणून मांडता येतो.

प्रश्न : २४० दिवस भरले की माणूस आपोआप कायम होतो ना?

नाही. या गैरसमजापायी अनेक जण चुकीचा दावा लावून वर्षे घालवतात. २४० दिवसांनी मिळते ते कपातीपासूनचे संरक्षण, म्हणजे नोटीस आणि भरपाई. हा समज महाराष्ट्रात घट्ट बसला, कारण इथल्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांतल्या (सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांतल्या) कलम ४-सी नुसार २४० दिवसांच्या अखंड सेवेनंतर तात्पुरत्या कामगाराला कायम करायचे होते. तुमचे २४० दिवस नवी संहिता येण्यापूर्वीच भरले असतील, तर हा मुद्दा वकिलांकडून स्वतंत्रपणे मांडून घ्या.

दिवस मोजताना काढल्याच्या तारखेपासून मागचे १२ महिने धरा. हजेरीच्या दिवसांबरोबर पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणवार मोजायचे असतात; अनेक जण फक्त हजेरी मोजून २१०-२१५ वर थांबतात आणि दावा सोडून देतात. भरपगारी रजा, कामावरच्या अपघातामुळे बुडालेले दिवस, बाळंतपणाची रजा हेही धरतात. सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर असते आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. मस्टर मालकाकडे असते, म्हणून ते हजर करण्याचा अर्ज न्यायालयात सुरुवातीलाच द्या. तुमच्या बाजूने बँकेतल्या पगाराच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, गेटपास, कामाच्या सूचनांचे मेसेज ठेवा.

प्रश्न : रस्त्याचे काम दीड वर्षात संपले आणि साइटच बंद झाली. भरपाई मिळेल का?

केवळ त्या बांधकामासाठी उभारलेला उपक्रम दोन वर्षांच्या आत काम पूर्ण होऊन बंद झाला, तर बंदची भरपाई मिळत नाही. दोन वर्षे ओलांडली की मिळते. थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि निधीची रक्कम मात्र कुठल्याही परिस्थितीत तुमचीच.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत ‘बेंच’वर असतो. आम्हाला कामगार कायदा लागतो का?

बेंचवर असताना पगार मिळत असेल, तर तुमची नोकरी प्रकल्पाशी नव्हे, कंपनीशी बांधलेली आहे. मग क्लायंटने काम काढून घेतले, हे नोकरी संपवण्याचे कारण म्हणून पुरत नाही. तुम्ही ‘कामगार’ आहात का, हे पदनामावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरते. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. देखरेखीचे काम असेल, तर मासिक १८,००० रुपयांच्या वर संरक्षण जाते. कार्डावर ‘मॅनेजर’ छापलेले पण दिवसभर कोड लिहिणारे अनेक असतात. त्यांनी रोजच्या कामाच्या नोंदी जपाव्यात.

प्रश्न : मग प्रकल्पावरच्या सगळ्यांना कायम धरावे, असे तुमचे मत आहे का?

सगळ्यांना नाही. एका धरणासाठी, एका सर्वेक्षणासाठी खरोखर नेमलेल्या माणसाला निश्चित मुदतीची नोकरी देणे रास्त आहे. नवी संहिता त्याला तेच काम करणाऱ्या कायम माणसाएवढा पगार, आणि एक वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी देते. हे चांगले पाऊल आहे. पण असे करार किती वेळा वाढवावेत, यावर संहितेत मर्यादाच नाही. मुदत संपणे ही कपातही नाही. म्हणजे पाच करार झालेल्या माणसालाही सहाव्या वेळी कपातीच्या भरपाईविना घरी पाठवता येते. एका मालकाकडे एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर जाणारा माणूस कायमच धरला पाहिजे, आणि ही रेघ न्यायालयांवर न सोडता कायद्यातच ओढायला हवी. तोपर्यंत एक पाहा : निश्चित मुदतीची नोकरी लेखी करारानेच होते. करारात तारीख नसेल किंवा लेखी करारच नसेल, तर मालकाला या सवलतीचा आधार घेता येत नाही.

प्रश्न : हिशेब देताना कंपनी राजीनाम्यावर सही मागते आहे. करू का?

करू नका. राजीनामा दिला की कपातीचा दावाच उरत नाही, आणि ‘सक्तीने घेतला’ हे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. पैशांची पावती द्यायची असेल, तर तिच्यावर ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि प्रतीचा फोटो घ्या. सहीशिवाय पैसे देत नसतील, तर त्याच दिवशी ई-मेलने कळवा की तुम्ही राजीनामा दिलेला नाही आणि कामावर यायला तयार आहात. मग कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर तो सुनावणी घेऊ शकत नाही. समेट फिसकटला, तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जावे लागते, म्हणून अहवाल हाती आल्याची तारीख त्याच्यावरच नोंदवून घ्या.