फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाचं (ग्रंथीच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरचं) निदान झालंय, तरी डॉक्टर जीन टेस्टसाठी दोन आठवडे थांबा म्हणतात. हा वेळ वाया जात नाही का?

तुमच्या वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे, त्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही आणि उपचार आजच सुरू व्हावेत असं तुम्हाला वाटतंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गाठीतून तपासायला काढलेले तुकडे रोज माझ्या टेबलावर येतात. तब्येत तग धरून असेल तर थांबा.

२००९ साली आयपास नावाचा अभ्यास आला. त्यातले रुग्ण साधारण तुमच्या वडिलांसारखेच होते: आशियातले, ॲडिनोकार्सिनोमा, सिगारेट न ओढलेले किंवा फार कमी ओढलेले. निम्म्यांना जेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना केमो. गाठीत ईजीएफआर जीनचं म्युटेशन (जीनमधला बदल) असलेल्यांचा आजार गोळीवर जास्त काळ आटोक्यात राहिला. म्युटेशन नसलेल्यांचा मात्र गोळीवर साधारण दीड महिन्यातच वाढला, केमोवर साडेपाच महिन्यांनी. वरून बघून कोण कुठल्या गटातला, हे कुणालाच ओळखता आलं नसतं.

आता गोळ्याही सुधारल्यात. ईजीएफआर निघालं तर ओसिमर्टिनिब. जुन्या गोळ्यांवर आजार सरासरी १० महिने थांबायचा, हिच्यावर जवळपास १९. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरवरही ती चालते. एएलके या दुसऱ्या जीनमधला बदल निघाला तर वेगळ्या गोळ्या.

‘तोवर इम्युनोथेरपी तरी द्या’ असा आग्रह बरेच नातेवाईक धरतात. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी उपचारपद्धत) चांगलीच आहे. ईजीएफआर-एएलके नसलेल्या आणि पीडी-एल१ हे प्रोटीन कॅन्सरच्या ५० टक्के किंवा जास्त पेशींवर असलेल्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के लोक हयात होते, केमोवर १६. पण ईजीएफआरवाल्या गाठी तिला फारशी दाद देत नाहीत, आणि तिच्यानंतर लगेच ओसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. धाप फारच लागत असेल तर डॉक्टर नुसती केमो आधी सुरू करतात. तो निर्णय त्यांचा.

उशीर होतो तो कशामुळे? सुईने काढलेला तुकडा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून आम्ही तीन-चार मायक्रॉनचे काप काढतो. मशीनवर ब्लॉक पुन्हा चढवला की सपाट करतानाच थोडा तुकडा वाया जातो. आधीच्या स्टेनमध्ये (काप रंगवून केलेल्या तपासण्यांत) सगळा संपला तर डीएनएसाठी काही उरतच नाही, मग पुन्हा बायोप्सी. हाडातून तुकडा घेतला असेल तर लॅबला आधीच सांगा, कारण हाड मऊ करणारं ॲसिड डीएनए खराब करतं. छातीत पाणी असेल तर त्यातल्या पेशींवरही टेस्ट होते. रक्तावरची टेस्ट लवकर येते; तिच्यात म्युटेशन दिसलं तर त्यावर उपचार सुरू करता येतात, नाही दिसलं तर प्रश्न सुटला असं नाही.

वर्षापूर्वीचा एक्स-रे नॉर्मल होता, याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. छोटी गाठ एक्स-रेत सहज सुटते. २०११ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लो-डोस सीटीने (कमी रेडिएशनच्या स्कॅनने) एक्स-रेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, पण ते सगळे वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले लोक होते. वडिलांना ती तपासणी कुणी सुचवलीच नसती.

डॉक्टरांना एवढंच विचारा: फक्त ईजीएफआर पाठवलंय की एएलके, रॉस१, ब्राफ, मेट, रेट, केआरएएस या जीनसकट पूर्ण पॅनेल (सगळ्या जीनची एकत्र टेस्ट)? आणि ब्लॉक लॅबकडून परत मिळाला की नीट ठेवा, थंड जागी. पुढे गोळीचा परिणाम ओसरला तर नवीन बायोप्सीशी ताडून बघायला तोच लागतो.